वायुजावरचा बांगडा

तुषार मेतर ज्या जागी बांगडा भाजायचा तिला जहाजाच्या आराखड्यात ‘हवाघर’ असे नाव होते. आराखडा काढणाऱ्या मंडळींपैकी एकानेही आयुष्यात सुका बांगडा निखाऱ्यावर भाजला नसावा, नाहीतर पुढचे रामायण घडलेच नसते.

हवाघर म्हणजे जहाजाच्या नाकाशी असलेली एक लांबट खोली. तिच्या एका भिंतीला जाळी होती आणि जाळीमागे माणसाएवढे पंखे समुद्रावरची हवा अखंड आत ओढत असत. तुषार जाळीसमोर उकिडवा बसायचा, बिस्किटांच्या जुन्या डब्यात नारळाच्या करवंट्या पेटवायचा आणि त्यांचे लाल निखारे झाले की तारेवर बांगडा टाकायचा. धूर उठतो न उठतो तोच पंखे तो गिळून टाकत. स्वयंपाकघरात ही सोय नव्हती. तिथे एकदा त्याच्या हातून पापड जळला, तर छतावरचे यंत्र किंचाळले आणि मुंबईच्या नियंत्रण कक्षातून एका झोपाळू आवाजाने विचारले, “सर, सगळं ओके आहे ना?” एका पापडासाठी एवढी शोभा पुरे झाली.

जहाजावर उघडा विस्तव करायचा नाही, हे त्याला ठाऊक होते. पण अमोनियाच्या टाक्या जहाजाच्या पार शेपटाशी आणि बांगडा नाकाशी. बांगड्याच्या बाबतीत मालवणी माणूस नियम जरा सैलच वाचतो.

जहाजाचे नाव ‘वायुजा’. हिंदी महासागराच्या दक्षिणेला, जिथे वारा कधी पडत नाही अशा पट्ट्यात ते वर्षभर फिरत राही. माल वाहणारे जहाज ते नव्हतेच, तो तरंगता कारखाना होता. डेकवरचे उंच फिरते खांब वाऱ्यातून वीज काढत, विजेने समुद्राच्या पाण्यातला हायड्रोजन सुटा होई, आणि हवेतल्या नायट्रोजनशी त्याची गाठ घालून अमोनिया बने. शेतांना त्याचे खत जाई आणि अलीकडे जहाजांची इंजिनेही त्यावरच चालू लागली होती. टाक्या भरल्या की बिनमाणसांचा टँकर येई, नळी लावून माल ओढून घेई आणि निघून जाई. एवढ्या अगडबंब जहाजावर माणूस एकच, कारण ‘एक तरी माणूस असावा’ असे कायदा म्हणत होता. कायद्यातला तो ‘एक तरी’ म्हणजे देवबागचा तुषार.

निघण्यापूर्वी पुण्याच्या प्रयोगशाळेत त्याला शिकवणी झाली होती. ज्या संयुगावर हे सगळे चाले ते बनवणाऱ्या डॉ. मीनल वाघमारे यांनी स्वतः शिकवले. त्यांचे निम्मे आयुष्य काचेच्या बंद पेटीत रबरी हातमोज्यांतून काम करण्यात गेले होते. त्यांची संयुगे उघड्या हवेत टिकत नसत.

“हवेचे पाच भाग केले तर जवळजवळ चार भाग नायट्रोजन,” त्या म्हणाल्या होत्या. “दर श्वासाला आपण तो आत घेतो आणि जसाच्या तसा सोडून देतो. त्याचे दोन अणू तीन बंधांनी एकमेकांना असे धरून बसलेत की त्यांना तिसऱ्या कुणाची गरजच नाही. जुन्या कारखान्यांत त्यांना भट्टीत घालून प्रचंड दाबाखाली चिरडावं लागे. पण भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठीतले जिवाणू हेच काम थंडपणे मातीत बसून करतात. त्यांच्याकडे लोखंड आणि मोलिब्डेनम आहे. आमच्या संयुगातही तेच आहे.”

“पण धातू नेमकं करतो काय?” तुषारने विचारले.

“नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते, तिच्यावर धातू हात ठेवतो. आणि त्याच वेळी स्वतःचे इलेक्ट्रॉन नायट्रोजनमध्ये अशा जागी ढकलतो की त्या दोघांमधला बंध ढिला पडतो. घ्यायचं आणि द्यायचंही. मग आपण एकेक इलेक्ट्रॉन, एकेक प्रोटॉन पुरवत जायचं. शेवटी दोन अणू सुटे होतात आणि अमोनिया होऊन निघून जातात. धातूची जागा पुन्हा रिकामी. ती रिकामी झाली तरच पुढचा नायट्रोजन येऊन बसणार, हे विसरू नका.”

तुषारने मान डोलावली. परीक्षेत येईल तेवढे त्याने लक्षात ठेवले.

जहाजावर हे संयुग पातळ पत्र्यांवर लेपलेले होते आणि ते पत्रे एका अंधाऱ्या दालनात पुस्तकांसारखे ओळीने उभे होते. हवाघरातून हवा येई, तिच्यातले काजळी, ऑक्सिजन, बाष्प सगळे वाटेतल्या गाळण्यांत अडकवले जाई आणि उरलेला नायट्रोजन दालनात शिरे. तुषारने दिवसातून एकदा दालनाच्या काचेतून आत बघायचे, एवढेच काम. बघण्यासारखे तिथे काही नव्हते.

सुरुवातीला त्याला एकटे वाटले नाही. त्याची बायको गौतमी रोज संध्याकाळी देवबागच्या घरी जेवायला बसताना टॅब त्याच्या खुर्चीवर उशीला टेकवून ठेवी. इकडे तो कंपनीचे पाकीट फोडून खाई, तिकडे ती जेवे. माशाचा काटा काढता काढता दोघांच्या गजाली चालत. निघताना तिनेच सुक्या बांगड्यांचा डबा आणि करवंट्यांची गोण त्याच्या सामानात कोंबली होती. “आग खंय पेटवू?” असे त्याने विचारले तेव्हा ती म्हणाली होती, “ता तू बघ.” त्याने ते रविवारपुरते बघितले होते.

मग एका संध्याकाळी तिचा चेहरा वेगळ्याच बाजूने दिसला. टॅब स्वयंपाकाच्या ओट्यावर होता.

“आज माका खुर्येर नाय ठेवलंस?”

“नाय. आजपासून नाय.”

“कित्याक?”

गौतमी जराशी थांबली. भांडण करायचे असते तेव्हा ती थांबत नसे, म्हणून तुषार घाबरला.

“शेजारची वैनी माका म्हणाली, तुझो घोव रोज तुझ्याबरोबर जेवाक असता, तुका कसलो एकटेपणा? तेवा माका कळला. ह्या फोनान तुझी जागा घेतल्यान, तुषार. तू दिसतंस, बोलतंस, म्हणान सगळ्यांका वाटता तू हंयच आसस. माका पण वाटता. आणि हात लावूक गेलंय तर काच.”

“मगे काय करू मी?”

“ये. दर्या बंद होवच्या आधी ये आणि माझ्या समोर बस. एकत्र रवाचा काय नाय, ता मगे ठरवया. पणजेक माका नोकरी गावता. तेंका मी जूनापर्यंत थांबाक सांगलंय.”

“आणि तोपर्यंत फोन?”

“फोन नको. खुर्ची मोकळी रवांदे.”

पावसाळ्याच्या तोंडाशी मासेमारी थांबते, होड्या वर ओढल्या जातात, त्याला देवबागला ‘दर्या बंद होणे’ म्हणतात. तोवर घरी पोचणे तुषारला अवघड वाटले नाही. टाक्या दोनदा भरल्या की त्याची बदली व्हायची होती. बदलीच्या माणसाला घेऊन येणारी बोट एवढ्या लांब आणणे कंपनीला परवडत नसे, म्हणून ती टँकरच्या सोबतच येई, आणि टँकर टाक्या भरल्याशिवाय येत नसे. एकदा त्या भरून माल गेला होता. दुसऱ्यांदा त्या येत्या शिमग्यापर्यंत सहज भरतील असा हिशेब होता.

फोन बंद झाल्यावर संध्याकाळ अंगावर येऊ लागली. पाकीट फोडले तरी घास उतरेना. मग तो हवाघरात जाऊन करवंट्या पेटवू लागला. बांगड्याची कातडी फुगून तडतडली, तेल निखाऱ्यावर पडले की देवबागचे मागचे दार उघडल्यासारखा वास येई, आणि पंखे तो वास ओढून नेईपर्यंत तुषार घरी असे. रविवारचा बांगडा दिवसाआड झाला, मग रोजचा झाला. कधी बांगडा पुरवून खावा म्हणून नुसत्याच करवंट्या पेटवून तो बसून राही. त्या खोलीत त्याला रडूही येई आणि बरेही वाटे.

शिमगा आला आणि गेला. टाक्या अर्ध्याच्या जरा वर येऊन अडल्या होत्या. वारा भरपूर, वीज भरपूर, हायड्रोजन उतू जातोय, आणि अमोनिया मात्र दर आठवड्याला कमी. नियंत्रण कक्षाने दुरून सगळी यंत्रे तपासली, एकही नादुरुस्त निघाले नाही. उत्पादन जसजसे घसरले तसतशी बोट लांबली, बोट लांबली तसा तुषार अधिक वेळ हवाघरात बसू लागला, आणि उत्पादन आणखी घसरले. त्याला यातले पहिलेच टोक दिसत होते.

शेवटी डॉ. वाघमारेंचा आवाज जहाजावर आला.

“मेतर, एक पत्रा हवाबंद खोक्यातून बाहेर काढा आणि अवरक्त किरणांच्या यंत्रात घाला. मला धातूवर काय बसलंय ते बघायचंय.”

त्याने पत्रा घातला. पुण्याला आलेख गेला. डॉक्टरांनी तो दोनदा पडताळला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “हा नायट्रोजन नव्हे.”

“मग?”

“कार्बन मोनॉक्साइड. अपुऱ्या हवेत कोळसा धुमसला की निघतो तो. बंद खोलीत शेगडी ठेवून माणसं मरतात, ती यानेच. रक्तातल्या लोखंडावर ऑक्सिजनची जागा हा बळकावतो. इथे नायट्रोजनची बळकावलीय.” त्यांच्या आवाजात नकळत शिक्षिका आली. “तो नायट्रोजनचा तोतया आहे, मेतर. इलेक्ट्रॉन तेवढेच, बंध तीनच, वजनही तेच. आपल्या गाळण्यांना दोघांतला फरक कळत नाही. धातूलाही कळत नाही. उलट धातूला हाच जास्त आवडतो. पण नायट्रोजन येतो, बदलतो, जागा सोडतो. हा येतो आणि नुसता बसतो. बदलत नाही, उठत नाही. जागा भरलेली दिसते आणि काम शून्य.”

तुषारने यंत्राच्या कडेला हात टेकला. फोनाने जागा घेतल्याचे गौतमीचे बोलणे त्याच्या कानात आता स्पष्ट वाजले. तेव्हा त्याला ते नुसते रुसणे वाटले होते.

“भर समुद्रात हा वायू येणार कुठून, म्हणून आम्ही त्याच्यासाठी गाळणीच ठेवली नाही,” डॉक्टर सांगत होत्या. “जहाजावर तुम्ही काही जाळता का?”

“नाही,” तुषार म्हणाला.

शब्द तोंडातून गेला तसे त्याला कळले की आपण काय केले. होय म्हटले तर नोकरी गेली. अमोनियाच्या जहाजावर विस्तव करणाऱ्याला पुन्हा कोणी दारात उभे करणार नव्हते. नाही म्हटले तर डॉक्टर महिनोन्‌महिने भलतीकडे शोधत बसणार, टाक्या अर्ध्या राहणार, आणि पणजीच्या लोकांना गौतमी होय म्हणून टाकणार.

“बरं,” डॉक्टर म्हणाल्या. “मग मी रंग, वंगण, सगळं एकेक करून तपासते. वेळ लागेल.”

“डॉक्टर.”

“बोला.”

“बांगडा.”

“काय?”

“सुका बांगडा. करवंटीच्या निखाऱ्यावर भाजतो मी. हवाघरात. धुराने छतावरचं यंत्र किंचाळू नये म्हणून.”

पुण्याकडून हसू आले. दाबून ठेवलेले, मग न दाबता आलेले. हसता हसता त्या मध्येच थांबल्या.

“रोज?”

“बायकोचा फोन बंद झाल्यापासून रोज.”

“माझी सगळी हयात या संयुगामागे गेली,” त्या म्हणाल्या. “ऑक्सिजन धरला, बाष्प धरलं, मीठ धरलं. माणूस धरलाच नाही. मेतर, मला हे वर कळवावं लागेल.”

“कळवा. पण पत्रे सुधारतील का ते सांगा.”

पत्रे सुधारण्यासारखे होते. प्रकाश पडला की धातूवर बसलेल्या वायूची पकड सुटते, नायट्रोजनची तशीच कार्बन मोनॉक्साइडचीही. एरवी ही गोष्ट त्रासाची, म्हणून तर दालन अंधारे ठेवलेले; आता तीच उपयोगी होती. काचेच्या झाकणाच्या खोक्यात एकेक पत्रा ठेवायचा, वरून ऊन पडू द्यायचे आणि आतून शुद्ध नायट्रोजनचा झोत सोडायचा, म्हणजे सुटलेला तोतया पुन्हा बसायच्या आत वाहून जाईल. तसा तीव्र दिवा जहाजावर नव्हता. सूर्य होता, पण दक्षिणेत हिवाळा लागत होता.

तुषारने करवंट्यांची गोण समुद्रात रिकामी केली. डब्यात उरलेले बांगडे टाकायला मात्र त्याचे मन झाले नाही. मग तो खोकी डेकवर मांडून बसला. बोटे गारठत होती, आभाळ राखी होते, आणि ढगात फट पडली की तो उठून खोकी उन्हाकडे वळवी. दुपार सरली की सुधारलेले पत्रे दालनात आणि आजारी पत्रे बाहेर. रोज मूठभर पत्रेच होत. त्या दिवसांत तो कोणाशी बोलला असेल तर पत्र्यांशी. “ऊठ रे,” असे तो त्या न दिसणाऱ्या वायूला म्हणे, “दुसऱ्याची जागा आसा ती.”

दोनदा त्याने फोन उचलला. गौतमीला सांगावे की मी निघतोय, थोडा उशीर होईल, थांब. दोन्ही वेळा त्याने तो खाली ठेवला. तिने मागितली होती ती मोकळी जागा, आणि या वेळी ती तरी आपण भरायची नाही, एवढे त्याला समजले होते.

मे संपला. देवबागला दर्या बंद झाला असेल त्या दिवशी तुषार डेकवर बसून होता आणि ऊन नव्हते.

जूनच्या अखेरीस टाक्या भरल्या. त्याच सुमारास मुंबईच्या झोपाळू आवाजाने कंपनीचा निर्णय वाचून दाखवला. डॉ. वाघमारेंनी आपल्या अहवालात शिफारस केली होती की जहाजावर एकाऐवजी दोन माणसे ठेवावीत, एकटा माणूस धूर करणारच. कंपनीला आकडा बदलणे पटले होते, फक्त उलट्या बाजूने. कायद्यातून सूट मिळाली होती. तुषारला उतरवल्यावर वायुजावर कोणीही येणार नव्हते, आणि पुढच्या जहाजांवर झोपायची खोलीच बांधणार नव्हते.

“सॉरी, सर,” आवाज म्हणाला. आणि जरा वेळाने, “सर, तो बांगडा लागतो तरी कसा?”

तुषारने सांगायला सुरुवात केली. कातडी कशी काढायची, भाजलेला बांगडा कसा कुस्करायचा, खोबरे किती, कांदा कच्चाच का. सांगता सांगता त्याला वाटले की आपण थांबूच नये. पलीकडचा माणूसही थांब म्हणाला नाही.

बोट आली. शिडी उतरताना त्याने मागे वळून हवाघराच्या जाळीकडे बघितले. पंखे हवा ओढत होते.

देवबागला तो पोचला तेव्हा पावसाळा अर्ध्यावर होता. दाराला कुलूप. शेजारच्या वैनीने किल्ली दिली आणि पणजीचा पत्ताही. “जूनभर थांबली रे,” ती म्हणाली. “रोज तिन्हीसांजेक पडवीत येवन बसायची.” वैनीच्या डोळ्यांत त्याच्याविषयी काय होते ते तुषारने बघितले नाही.

आत ओल येऊ नये म्हणून गौतमीने सगळ्यावर प्लास्टिक घातले होते. पलंग, कपाट, टेबल, तिची स्वतःची खुर्ची, सगळे झाकलेले. त्याच्या खुर्चीवर काही नव्हते. ती पुसून टेबलापाशी नीट लावून ठेवलेली होती. तुषार तिच्यासमोर उभा राहिला आणि मोठ्याने रडला. ऐकायला कोणी नव्हते, त्यामुळे आवरायचे कारण नव्हते.

फोन लावावा म्हणून हात खिशाकडे गेला. त्याने फोन काढून झाकलेल्या टेबलावर ठेवला, बांगड्यांचा डबा उचलला आणि पणजीच्या गाडीला निघाला.

तिची खोली एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. तिने दार उघडले. हात पुढे करून तिने त्याच्या भिजलेल्या बाहीला बोट लावले आणि मागे घेतले.

“फोन कित्याक नाय केलंस?”

“तूच नको म्हणालंस.”

“मी नोकरी धरलंय, तुषार. सोडूचंय नाय.”

“म्हायत आसा. माझी सुटली.”

ती बाजूला झाली. खोलीत एक खाट, एक टेबल, एक खुर्ची. खुर्चीवर तिची पर्स होती. गौतमीने पर्स उचलली, मग खुर्चीकडे आणि त्याच्याकडे बघितले.

“खुर्ची एकच आसा,” ती म्हणाली.

तुषार जमिनीवर बसला. डबा त्याने मध्ये ठेवला. थोड्या वेळाने तीही खाली त्याच्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या अंतरावर.

“हां,” ती म्हणाली. “आता बोल.”

काचेतून तो तिच्याशी तासन्‌तास बोलला होता. आता ती समोर होती, तिच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि त्याला एक शब्द सुचेना. गौतमीने घाई केली नाही.